गिअरचे कुलूप आणि ब्रेकचा दिवा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, अडकला की नजर आधी गिअरच्या दांड्याकडे जाते. मालकाची जाते, मिस्त्रीचीही जाते. कन्सोल उघडला जातो, दांडा हलवून पाहिला जातो, आणि संध्याकाळपर्यंत ‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल’ असा निरोप येतो. पुष्कळदा दोष तिथे नसतोच. तो पायाखालच्या ब्रेक स्विचमध्ये असतो, फ्यूज बॉक्समध्ये असतो, नाहीतर पार मागे डिकीच्या बिजागरीपाशी सोललेल्या एखाद्या वायरमध्ये असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

हा दोष शोधण्याच्या पद्धती टेस्ट लॅम्पपासून स्कॅनरपर्यंत आल्या. त्या कुठे नेमक्या ठरतात आणि कुठे फसतात हे तपासताना एक गोष्ट सारखी समोर येते: ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’मधून सुटू न देणारे हे कुलूप दोन बाजूंनी बिघडते. ते उघडत नाही तेव्हा मालक तणतणत गॅरेजात येतो. ते लागतच नाही तेव्हा कोणीच येत नाही, कारण गाडी तर छान चालत असते. आपली जवळजवळ सगळी तपासणी पहिल्या बिघाडाभोवती बेतलेली आहे. माणसे जखमी होण्याचा धोका मात्र दुसऱ्यात जास्त आहे.

कुलूप मुळात का आले, हे माहीत असल्याशिवाय ते तपासायचे कसे हे ठरत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारी येऊ लागल्या. गिअर ‘पी’मधून काढला की गाडी एकदम झेपावते, असे चालक सांगत होते. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने हा विषय घराघरांत नेला. १९८५ मध्ये अमेरिकेत ७४ हजारांच्या घरात असलेली ऑडीची विक्री १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास घसरली. दरम्यान १९८७ मध्ये कंपनीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांना शिफ्ट लॉक बसवून दिले: ब्रेकवर पाय असल्याशिवाय दांडा ‘पी’मधून सुटणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा अहवाल १९८९ मध्ये आला. बहुतेक प्रसंगांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला होता, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे हे कुलूप यंत्राच्या दोषावरचा उपाय म्हणून टिकले नाही. पायाची चूक गाडी हलण्याआधीच पकडणारा पहारेकरी म्हणून ते टिकले.

पुढे दुसरे कारण जोडले गेले: उभ्या गाडीत मागे राहिलेली मुले. चावी लागलेली असते, मूल दांडा ओढते, गाडी उतारावरून घरंगळते. २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅमेरॉन गुलब्रॅनसन किड्स ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी अ‍ॅक्टने १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या, ४,५३६ किलोपर्यंत वजनक्षमतेच्या आणि ‘पी’ असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे कुलूप सक्तीचे केले. त्यातली एक अट तपासणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. चावीच्या ज्या ज्या स्थितीत दांडा ‘पी’मधून निघू शकतो, त्या प्रत्येक स्थितीत कुलूप काम करत असले पाहिजे. इंजिन चालू ठेवून एकदा पाहिले आणि ‘ओके’ लिहिले, एवढ्याने ही अट तपासली जात नाही.

रचना तशी साधी आहे. ब्रेक पेडलच्या वर एक स्विच असतो. पेडल दाबले की तो ब्रेकच्या दिव्यांना वीज देतो आणि तोच इशारा कुलपाच्या कंट्रोल युनिटकडे जातो. चावी चालू आहे, दांडा ‘पी’मध्ये आहे आणि ब्रेक दाबला आहे, या तीन गोष्टी जुळल्या की कन्सोलमधल्या छोट्या सोलेनॉइडला वीज मिळते. तो खिट्टी ओढून घेतो आणि दांडा मोकळा होतो. चावीवर चालणाऱ्या गाड्यांत दुसरे कुलूप स्टिअरिंगपाशी असते. दांडा ‘पी’मध्ये आल्याशिवाय चावी बाहेर येऊ नये, हे त्याचे काम. ‘चावीच निघत नाही’ ही तक्रार त्यामुळे याच कुटुंबातली. ‘पी’ची खूण देणारा सूक्ष्म स्विच झिजला किंवा चिकटला की ती येते.

सगळ्या गाड्यांत रचना अशीच असेल असे मात्र धरून चालू नये. काही रचनांत सोलेनॉइडला वीज मिळते तेव्हा कुलूप लागते आणि वीज गेली की सुटते. अशा गाडीत फ्यूज उडाला तर दांडा अडकणार नाही, उलट कायमचा मोकळा होईल. एकाच लक्षणाचा अर्थ दोन गाड्यांत अगदी उलटा निघतो. म्हणून हात लावण्याआधी त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर हवा. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. कसब भरपूर आहे, पण कंपनीचा डायग्राम सहज हाती लागत नाही, आणि मग अंदाजाने काम होते.

तपासणीचे पहिले पाऊल कानाचे आहे. एसीचा पंखा बंद, काचा वर, चावी चालू, आणि ब्रेक दाबताना दांड्याच्या बुडाशी ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐकायचे. आवाज आला तर वीज सोलेनॉइडपर्यंत पोचते आहे. बिघाड बहुधा खिट्टीत, केबलमध्ये किंवा मुठीच्या बटणाखालच्या दांडीत आहे. आवाज नसेल तर विजेच्या मागे लागायचे. या एका आवाजाने निम्मे काम वाचते. इथे घाटातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट वेगळी काढावी. उतारावर हँडब्रेक न लावता नुसते ‘पी’त टाकून गाडी सोडली की तिचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या दातावर येते. मग दांडा दगडासारखा घट्ट होतो. ब्रेक दाबून ‘न्यूट्रल’, हँडब्रेक, ब्रेक सोडून वजन हँडब्रेकवर टेकवणे आणि शेवटी ‘पी’ या क्रमाने गाडी लावली तर ही तक्रार उद्भवत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारावरून आलेला ‘इलेक्ट्रिकल फॉल्ट’ असा निघालेला पाहिला आहे.

आवाज नाही म्हटल्यावर दुसरा साक्षीदार म्हणजे मागचे दिवे. कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबायचा. तिन्ही दिवे मेलेले असतील तर पहिला संशय स्विचवर किंवा फ्यूजवर घ्यावा. अनेक गाड्यांत ब्रेकच्या दिव्यांचा आणि शिफ्ट लॉकच्या इशाऱ्याचा फ्यूज एकच असतो. म्हणूनच अडकलेला दांडा कित्येकदा ‘तुमचे ब्रेकचे दिवे गेले आहेत’ ही बातमी घेऊन आलेला असतो. दांडा कसाबसा सोडवून गाडी तशीच रस्त्यावर काढली, तर मागच्या वाहनाला तुम्ही थांबताय हे कळणारच नाही.

फ्यूज बदलला आणि तो पुन्हा उडाला, तर खरे काम सुरू होते. या ठिकाणी घाई करणारे दोन प्रकार करतात: जास्त अँपिअरचा फ्यूज टाकतात, नाहीतर उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळतात. दोन्हीत फ्यूजऐवजी वायर जळते. शहाणा वायरमन फ्यूजच्या जागी २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लावतो आणि पेडल व सीट यांच्यामध्ये काठी अडकवून ब्रेक दाबलेला ठेवतो. साध्या बल्बांच्या गाडीत सर्किट ठीक असेल, तर हा बल्ब मागच्या बल्बांबरोबर वीज वाटून घेत मंद जळतो. कुठे शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटतो. मग वायरिंग टप्प्याटप्प्याने हलवत जायचे आणि नजर बल्बवर ठेवायची. जिथे हात लागल्यावर बल्ब मंदावतो, तिथे चोर.

अशा शोधात डिकीची बिजागरी वारंवार सापडते. काचेवरच्या तिसऱ्या ब्रेकच्या दिव्याची वायर रबरी नळीतून बॉडीतून डिकीच्या दारात जाते. दार उघडताना-मिटताना ती रोज त्याच एका जागी वाकते. काही वर्षांनी तिचे आवरण तडकते आणि आतली तांब्याची तार पत्र्याला टेकू लागते. नळी मागे सरकवली की दिसते: पाच-सहा वायर एकाच रेषेत चिरलेल्या, एकीच्या टोकाला काळा डाग. डिकी उघडी ठेवून तपासले तर वायर पत्र्यापासून सुटलेली असते आणि सगळे ठीक दिसते. बंद केली की फ्यूज जातो. गॅरेजात सामान काढण्यासाठी डिकी उघडीच असते, म्हणून दोष ‘सापडत नाही’, आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी दांडा पुन्हा अडकतो. इलाज म्हणजे तेवढा तुकडा कापून लवचीक वायर जोडणे, सोल्डर करणे, नळी नीट बसवणे. भागांचा खर्च नगण्य; पैसे द्यायचे ते शोधण्याच्या कौशल्याचे, आणि ते द्यायला आपण कुरकुरतो.

दिवे लागतात पण टक् आवाज नाही, ही पुढची पायरी जास्त फसवी. ‘दिवे लागले म्हणजे स्विच चांगला’ हा जुना नियम आता अर्धाच खरा आहे. आजच्या बऱ्याच स्विचांमध्ये संपर्कांच्या दोन जोड्या असतात. पेडल दाबले की एक जुळते आणि दुसरी सुटते. कंट्रोल युनिट दोन्हींचा ताळमेळ पाहते. एक जोडी दिवे लावत असेल आणि दुसरी काजळलेली असेल, तर दिवे लागतील, कुलूप उघडणार नाही. स्विचमधला हा दोष किती पसरू शकतो याचे उदाहरण २०१३ चे आहे. त्या वर्षी अमेरिकेत ब्रेक-दिव्याच्या स्विचपायी ह्युंदाईने दहा लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, किआच्या गाड्या त्याशिवाय. दिवे न लागणे, ब्रेक दाबूनही क्रूझ कंट्रोल न सुटणे, बटण-स्टार्ट अधूनमधून दगा देणे आणि शिफ्ट लॉकवर परिणाम होणे, हे सगळे त्या एका स्विचचे प्रताप होते. चार वेगळ्या तक्रारी म्हणून पाहिल्या असत्या तर चार वेगळे भाग बदलले गेले असते.

मल्टिमीटर हाती असूनही चूक होते ती इथे. सोलेनॉइडचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढून त्याच्या पिनेवर मोजले, बारा व्होल्ट आले, म्हणून ‘सप्लाय आहे, सोलेनॉइड गेला’ असा निकाल दिला जातो. हिशेब करून पाहा. समजा सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रोध ३० ओह्म आहे आणि वाटेत एका गंजलेल्या पिनेने १० ओह्मची भर घातली आहे. सोलेनॉइड जोडलेला असताना वीज वाहते ०.३ अँपिअर. त्यातले ३ व्होल्ट गंजातच खर्च होतात आणि वेटोळ्याला ९ च मिळतात. खिट्टी थरथरते, ओढली जात नाही. पण कपलर काढून मोजताना वेटोळे सर्किटमध्ये नसतेच. मीटरचा स्वतःचा रोध सहसा १ कोटी ओह्मच्या घरात असल्याने तो नाममात्र वीज घेतो, गंजात काहीच खर्च होत नाही, आणि स्वच्छ १२ व्होल्ट दिसतात. मीटर खोटे बोलत नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. म्हणून मोजायचे ते सोलेनॉइड जोडलेला ठेवून, ब्रेक दाबून, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन घालून. मग मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी सोलेनॉइडच्या सप्लायला लावायची. त्या वाटेवर एखादा व्होल्टही गळत असेल तर ती वाट तपासायला हवी. हेच अर्थिंगच्या बाजूलाही करायचे. अर्थिंगची बाजू बहुतेकजण सोडून देतात आणि कोकणात, गोव्यात, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत दोष नेमका तिथे, कार्पेटखालच्या हिरवट पडलेल्या बोल्टापाशी भेटतो. सकाळी अडकणारा आणि दुपारी ऊन लागल्यावर सुटणारा दांडा असेल तर ओल आणि गंज यांचाच संशय आधी घ्यावा. त्याच्याही आधी बॅटरी पाहावी.

कन्सोलमधले दोष थोडक्यात आटोपतात. कप ठेवायची जागा दांड्याच्या शेजारी असते, चहा-सरबत सांडते, साखर सूक्ष्म स्विचमध्ये जाऊन चिकटते. उंदरांनी कुरतडलेली वायर नजरेला दिसते. या दोन्हींना यंत्र लागत नाही, डोळे आणि टॉर्च पुरते.

स्कॅनरबद्दल मात्र थोडे थांबायला हवे, कारण त्याच्यावर भरवसा वाढत चालला आहे. पी०५७१ आणि पी०७०३ हे कोड ब्रेक स्विचच्या सर्किटकडे बोट दाखवतात, पी०५०४ दोन संपर्कांचा ताळमेळ बसत नाही असे सांगतो, पी०७०५ दांड्याची जागा ओळखणाऱ्या सेन्सरचा, तर पी०९२८ पासून पुढचे काही कोड थेट शिफ्ट लॉकच्या सोलेनॉइडचे. पण कोड सर्किट सांगतो, भाग सांगत नाही. पी०५७१ आला म्हणून स्विच बदलला आणि दोष कपलरमध्ये होता, असे घडते. शिवाय अनेक गाड्यांत शिफ्ट लॉकचे सर्किट इतके साधे असते की त्यावर कोणी पाळतच ठेवत नाही. दांडा अडकलेला असतो आणि स्कॅनर ‘नो फॉल्ट’ दाखवतो. माझ्या मते स्कॅनरचा खरा उपयोग कोडपेक्षा चालू माहितीत आहे. ब्रेक दाबत-सोडत राहायचे आणि पडद्यावर ‘ब्रेक स्विच’पुढची नोंद दर वेळी बदलते का ते पाहायचे. वीस वेळा दाबून एकदा चुकली, तरी दोष कोणत्या बाजूला आहे ते कळले.

आता दुसरी बाजू, जिची कोणी तक्रार करत नाही. होंडासह अनेक आशियाई कंपन्यांच्या गाड्यांत ब्रेक पेडलच्या पट्टीला एक भोक असते आणि त्यात रबराची किंवा प्लॅस्टिकची बटणाएवढी गोळी बसवलेली असते. पेडल वर आले की ही गोळी स्विचचा दट्ट्या आत दाबते आणि दिवे विझतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती ठिसूळ होऊन फुटते. दट्ट्या मोकळ्या भोकातून आरपार जातो आणि गाडीला वाटते, ब्रेक कायम दाबलेला आहे. ब्रेकचे दिवे रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी बसलेली असते. मालक बॅटरी बदलतो, कारण त्याला तेवढेच दिसते. कुलूप मात्र कायमचे उघडे राहिलेले असते. चावी चालू असेल तर लहान मूलही दांडा ओढू शकते. चालकाच्या पायाखालच्या मॅटवर बिस्किटाच्या चुऱ्यासारखे रंगीत तुकडे दिसले तर झाडून टाकण्याआधी वर वाकून पेडलकडे पाहावे.

कुलपाची खिट्टीच सुटलेल्या अवस्थेत अडकू शकते हे डिसेंबर २०१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसले. फियाट क्रायस्लरने सुमारे १८ लाख राम ट्रक परत बोलावले. इंजिन चालू, गिअर ‘पी’त आणि ब्रेकवर बराच वेळ पाय, असे वारंवार झाले की कुलपाचा भाग तापत राहतो आणि त्या उष्णतेने पिन उघड्या स्थितीत अडकण्याची शक्यता होती. चालकाला काहीच वेगळे जाणवत नाही, कारण तो सवयीने ब्रेक दाबूनच गिअर टाकतो. २०१४ चे जनरल मोटर्सचे प्रकरणही इथे जोडून पाहावे. मॅलिबू, जी६ आणि ऑरा मिळून सुमारे २४ लाख गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या कपलरमध्ये गंज धरत होता. त्याने ब्रेकचे दिवे कधी लागत नव्हते, तर कधी ब्रेक न दाबताच लागत होते. उपायात नवे मॉड्यूल नव्हते. कपलरमध्ये विशेष ग्रीस भरायचे आणि पेडलच्या सेन्सरला नव्याने शिकवायचे, मुख्यतः एवढेच. एवढ्या मोठ्या दोषाचे मूळ एका पिनेवरच्या गंजात असू शकते, हे असेंब्ली बदलण्याचा सल्ला ऐकताना आठवले पाहिजे.

यावरून आपल्याकडच्या एका रिवाजाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. दोष सापडला नाही की ‘डायरेक्ट करून देतो’ असे म्हटले जाते. सोलेनॉइडला चावीवरून थेट वीज दिली जाते किंवा खिट्टीच काढून टाकली जाते. गिऱ्हाईक खूश होते, बिल कमी होते, आणि १९८७ पासून बसवत आलेला पहारेकरी कायमचा रजेवर जातो. गाडी पुढे विकली जाते, नव्या मालकाला याचा पत्ताही नसतो. हे काम कोणत्याही गॅरेजाने करू नये आणि कोणी मागितले तर नाकारावे, असे माझे ठाम मत आहे. रस्त्यात अडकल्यावर सुटका करून घेण्यासाठी बहुतेक गाड्यांत दांड्याशेजारी छोटे झाकण असते. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, झाकणाखालची कळ चावीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने दाबली की दांडा सुटतो. टोचन बोलावण्याची गरज पडत नाही. ती सोय गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती आहे. तिथेही आधी मागचे दिवे तपासावेत.

आपल्या रस्त्यांवर २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून फोफावलेल्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाड्यांत सहसा ‘पी’ नसतोच. पण त्यांतही ब्रेक स्विचची साक्ष लागते: साधारणतः ‘न्यूट्रल’ आणि दाबलेला ब्रेक असल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. तिथे हाच दोष ‘गाडी स्टार्ट होत नाही’ असे रूप घेऊन येतो आणि बिचारा स्टार्टर उतरवला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी. दांड्याऐवजी गोल चकती किंवा बटणे असलेल्या गाड्यांत खिट्टी आणि सोलेनॉइडची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. ऐकायला टक् आवाज नाही, उघडायला झाकण असेलच असे नाही, आणि बॅटरी पूर्ण बसली तर ‘पी’ सोडवण्याची कृती प्रत्येक मॉडेलची वेगळी. ब्रेक स्विच मात्र तिथेही आहे, आणि ब्रेक दाबल्याची बातमी पोचवणारी वायरही.

न लागणारे कुलूप तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, पुढे-मागे कोणी नाही हे पाहायचे, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, इंजिन बंद ठेवायचे. मग ब्रेकला पाय न लावता चावीच्या प्रत्येक स्थितीत दांडा ‘पी’मधून ओढून पाहायचा. कुठेही तो निघता कामा नये. ब्रेक दाबल्यावर सहज निघाला पाहिजे, आणि चावीची गाडी असेल तर दांडा ‘डी’त असताना चावी बाहेर येता कामा नये. बटण-स्टार्टच्या गाडीत हेच अ‍ॅक्सेसरी आणि ऑन या दोन स्थितींत करावे. सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर ब्रेक ऑइल आणि वायपरचा रकाना असतो, तसाच याही तपासणीचा एक रकाना असायला हवा. तोवर गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारातच ती करून घ्यावी, विशेषतः ब्रेक स्विच, बॅटरी किंवा मागचा दिवा नुकताच बदललेला असेल तर.